सायलेन्सर घरी, बोअर नाही

"पाना धरता आला की सगळे पार्ट घरीच बसवा" हे बाईकमध्ये बदल करण्यावरच्या लेखातलं वाक्य अर्धंच पटलं. माझी यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक बाईक. एका रविवारी घरीच एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा मधे फुगीर सायलेन्सर) आणि उघडा एअर फिल्टर चढवला, मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पार्ट) मात्र तोच ठेवला. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की उष्णता वाढते; आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर वंगणही कमी पडतं. खंबाटकी चढताना पिस्टन जाम! स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक. तो विटकरी दिसेपर्यंत जेट वाढवत जायचं, हे ज्ञान तिथे आलं.

जेट, फिल्टर, सायलेन्सर जरूर घरी करा, गाडी कळते. पण बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करणं, नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या शतांशात मोजतात, ती अंदाजाने जमत नाही. मी हाफ इंजिन (इंजिनाचा वरचा अर्धा भाग) स्वतः उतरवतो आणि सिलिंडर पिशवीत घालून बोअरिंगवाल्याकडे नेतो. पोर्टिंगला, म्हणजे सिलिंडरमधली वायू आत-बाहेर जायची भोकं (पोर्ट) घासायला, तर हातच लावू नका. पोर्टची घासून गेलेली कड परत येत नाही.

आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे लेखात कुठेच नाही. नुसत्या आवाजावरूनही पोलीस थांबवतात.