‘काहीही असो, ८५० ला भाजा’: या सल्ल्यात नेमकं काय चुकतं

डेंटल लॅबवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला वरचेवर फिरत असतो. थोडक्यात तो असा: स्टेन-ग्लेझचं (सिरॅमिकवर भाजायच्या रंगाचं आणि चकाकीच्या थराचं) एकच चांगलं किट घ्या; क्राऊन (दातावर बसणारी टोपी) कुठलाही असो, ८५० अंश सेल्सिअसला एक मिनिट होल्ड द्या (त्याच तापमानावर थांबवा); फर्नेस, म्हणजे भट्टी, डिजिटल असेल तर आकड्याची चिंता नको; झिरकोनिया (अतिकठीण पांढरं सिरॅमिक) १५०० ला सिंटर झालेला, म्हणजे भाजून घट्ट झालेला असतो, त्याला काही होत नाही; ग्लेझ चढवला की विरुद्ध जबड्यातला समोरचा दात सुरक्षित; आणि शेड (दाताची रंगछटा) जुळली नाही तर पुन्हा लावा, पुन्हा भाजा. यातला किटचा मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे. बाकीच्यांचं तसं नाही.

स्टेन म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या काचेच्या भुकटीत मिसळलेली लोह, क्रोमियम, कोबाल्ट अशा धातूंची ऑक्साइडं. भाजल्यावर हा थर काही दहा मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरतो. एवढा पातळ असल्यामुळेच खालच्या सिरॅमिकच्या प्रसरणाशी त्याचं अगदी काटेकोर जुळलं नाही तरी तो तग धरतो. झिरकोनिया आणि लिथियम डायसिलिकेट या काच-सिरॅमिकचा प्रसरणांक (दर अंशाला दहा लाखांत किती भाग फुगतं तो आकडा) साडेदहाच्या आसपास असतो, पीएफएमच्या (धातूवर पोर्सेलिन चढवलेल्या क्राऊनच्या) पोर्सेलिनचा साधारण १२ ते १४. दोन्हींवर चालणारी युनिव्हर्सल किटं बाजारात आहेत आणि ती खरोखर चालतात. अट एवढीच की थर पातळ हवा. ग्लेझ पेस्ट साईसारखी जाड थापली की थंड होताना पृष्ठभागावर केसासारख्या चिरा दिसतात. तेव्हा किट एक असलं तर बिघडत नाही. प्रोग्राम मात्र एक ठेवता येत नाही.

मग ८५० आला कुठून? बहुधा ई-मॅक्स कॅड या लिथियम डायसिलिकेटच्या ब्लॉकच्या क्रिस्टलायझेशनमधून (भाजून आत स्फटिक घडवण्यातून). मिलिंगनंतर (यंत्राने कोरल्यावर) तो निळसर क्राऊन लिथियम मेटासिलिकेटचा असतो. ८४० ते ८५० च्या दरम्यान त्याचं लिथियम डायसिलिकेट होतं, निळा रंग जातो, ताकद येते. त्यासाठीच बनवलेले स्टेन आणि ग्लेझ लावून सगळं एकाच फायरिंगमध्ये उरकता येतं. तिथे ८५० अगदी बरोबर. पण तेव्हाही क्राऊन आतून सपोर्ट पेस्ट भरून पिनवर बसवलेला असतो, कारण त्या तापमानाला तो थोडा मऊ पडतो. तोच आकडा उचलून आधीच क्रिस्टलाइझ झालेल्या किंवा प्रेस केलेल्या क्राऊनवर आयव्होकलर हे स्टेन-ग्लेझ लावून वापरला तर काय होईल? आयव्होकलरचं फायरिंग ७१० च्या आसपास असतं. तब्बल १४० अंश जास्त दिल्यावर ग्लेझ वाहतो, फिशरमध्ये (दातावरच्या खाचांत) साचतो, कडांवरून उतरतो, आणि बारीक पोत पुसला जाऊन क्राऊन तेल लावल्यासारखा चकाकतो. ग्लेझ मार्जिन (क्राऊनची खालची कड) ओलांडून आत शिरला तर क्राऊन बसतच नाही. मग दोष दाताच्या स्कॅनवर ढकलला जातो.

पीएफएममध्ये हाच आकडा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. ९३० च्या आसपास भाजल्या जाणाऱ्या पारंपरिक पोर्सेलिनचा स्वतःचा ग्लेझ आणायचा असेल तर ८५० अपुरा पडतो. पृष्ठभाग खडूसारखा कोरडा राहतो. उलट ७८० च्या आसपास भाजायचं लो-फ्यूजिंग पोर्सेलिन ८५० ला टोकं आणि कडा गोल करून बसतं.

डिजिटल आकड्याबद्दल. स्क्रीनवर दिसतं ते थर्मोकपलजवळचं (तापमान मोजणाऱ्या तारेजवळचं) तापमान. क्राऊन ट्रेवर असतो, थोडा दूर. मफल (भट्टीचा तापणारा कक्ष) जुना झाला, थर्मोकपल झिजला, की दोन्हींतलं अंतर वाढत जातं. चांदी ९६१.८ अंशांना वितळते, म्हणून चांदीच्या तुकड्याने फर्नेस तपासण्याची पद्धत आहे. ती उत्पादकाने दिलेल्या चाचणी-प्रोग्राममध्येच करा, कारण हवेतला ऑक्सिजन शोषला की चांदी काही अंश आधीच वितळते आणि हिशेब चुकतो. शिवाय ९६० ला सापडलेला फरक ७१० ला तेवढाच असेल असं नाही. म्हणून रोजच्या तापमानासाठी दुसरी चाचणी जास्त उपयोगी: पारदर्शक पोर्सेलिनची बटणाएवढी चकती चार्टप्रमाणे भाजा. आरपार स्वच्छ आणि कडा शाबूत राहिल्या तर ठीक. दुधट राहिली तर उष्णता कमी पडतेय, कडा गोल होऊन चकचकीत झाली तर जास्त होतेय. पाच-पाच अंशांनी दुरुस्त करा. नवा मफल बसवल्यावर तर हे टाळूच नका.

आता झिरकोनिया. नुसत्या मोनोलिथिक (एकाच तुकड्याच्या) क्राऊनचा आकार ८५० ला बदलत नाही, हे मान्य. पण लेअरिंग, म्हणजे वर दुसऱ्या सिरॅमिकचा थर, असेल तर? व्हीएम-नाइन हे झिरकोनियावरचं सिरॅमिक ९१० च्या आसपास भाजतात. ई-मॅक्स सिराम, तेही झिरकोनियावरच, ७५० ला. दोन्हींत १६० अंशांचा फरक. दुसऱ्या लेअरिंगवर ८५० दिले तर आदल्या दिवशी मन लावून कोरलेले मॅमेलॉन (टोकाचे उंचवटे) आणि लाइन अँगल (कडेच्या रेषा) सकाळी शोधावे लागतील. लॅब स्लिपवर ‘झिरकोनिया’ एवढंच लिहून भागत नाही; वरच्या सिरॅमिकचं नाव लिहायलाच हवं.

शिवाय झिरकोनियातून उष्णता फार हळू वाहते. लांब ब्रिज, त्यात जाड पॉन्टिक (नसलेल्या दाताच्या जागचा दात): बाहेरचा थर तापतो, आतला मागे राहतो, उतरताना उलट. म्हणून तापवण्याचा वेग मिनिटाला ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात, आणि लेअरिंग असेल तर मफल घाईने उघडत नाहीत. एक मिनिटाचा होल्ड संपताच ट्रे पंख्याखाली ठेवला तर तडा लगेच दिसेलच असं नाही. कधी कधी तो पेशंटच्या तोंडात, चिपिंगच्या (टवका उडण्याच्या) रूपाने समोर येतो.

ग्लेझ म्हणजे समोरच्या दाताचं संरक्षण, हा समज सर्वात चिवट. ग्लेझ काचेचा असतो आणि चावण्याच्या जागी तो घासून जातो. खाली खरखरीत झिरकोनिया उरला असेल तर तो समोरचं एनॅमल खातो. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया ग्लेझ केलेल्यापेक्षा एनॅमलची झीज कमी करतो. तेव्हा आधी रबर, मग डायमंड पेस्ट, असं ऑक्लुजल (चावताना होणाऱ्या) संपर्काच्या जागी आरशासारखं पॉलिश करून घ्या आणि स्टेन-ग्लेझ फिशर आणि बकल (गालाकडच्या) बाजूपुरता ठेवा. क्लिनिकमध्ये हाय पॉइंट (चावताना आधी लागणारा उंचवटा) काढला तरी रंग जात नाही, हा वरचा फायदा.

राहिलं ‘पुन्हा लावा, पुन्हा भाजा’. स्टेनने क्रोमा (रंगाची तीव्रता) वाढवता येतो, व्हॅल्यू (उजळपणा) उतरवता येते. व्हॅल्यू वर चढवता येत नाही. शेड गाइडमधल्या ए-टूचा (आकडा वाढला की शेड गडद) ए-थ्री करता येईल, ए-थ्रीचा ए-वन नाही. पांढरा स्टेन लावून उजळ करायला गेलात तर क्राऊन उजळ नाही, अपारदर्शक होतो, भिंतीला चुना मारल्यासारखा. पिवळेपणा मारायला जांभळा लावतात, पण व्हॅल्यू आणखी खाली जाते. म्हणून शंका असेल तेव्हा ब्लॉक किंवा इनगॉट (क्राऊन कोरायचा किंवा प्रेस करायचा तुकडा) अर्धा शेड उजळ निवडा. स्टेन एकदम गडद न लावता दोन पातळ फायरिंगमध्ये विभागा. प्रत्येक वेळी भट्टीसमोर चार ते सहा मिनिटं वाळू द्या. ओलसर जाड थरावर मफल बंद केला की द्रव उकळून बुडबुडे उठतात, किंवा न जळलेलं सेंद्रिय आत अडकून रंग करडा पडतो. फायरिंगांची संख्या वाढत गेली की पारदर्शकता बदलते आणि ल्युसाइट हे स्फटिक असलेल्या पोर्सेलिनमध्ये प्रसरणांकही सरकतो.

तोंडात काही दिवस राहून परत आलेला क्राऊन तर थेट भट्टीत टाकूच नका. लाळेचा ओलावा सूक्ष्म छिद्रांत मुरलेला असतो. एकदम तापवला तर पोर्सेलिन फुगतं, काळवंडतं किंवा तडकतं. सिमेंट काढा, स्टीमरने स्वच्छ करा आणि भट्टी कमी तापमानाला ठेवून सावकाश, पूर्ण कोरडा करून मगच प्रोग्राम लावा.