रक्ततपासणीवरून नैराश्याचा प्रकार ठरत नाही : खुलासा

नाशिकमध्ये इंदिरानगर आणि गंगापूर रोड भागातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, आई-वडिलांना नैराश्य असेल तर मुलांना ते होतेच, आणि कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित हार्मोनच्या एका तपासणीतून ते आनुवंशिक की परिस्थितीजन्य हे कळते. मीही तो पुढे पाठवला होता. ती चूक होती.

संदेश अगदीच हवेतला नाही. १९७०च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज विनोकर यांनी कुटुंबाच्या इतिहासावरून नैराश्याचे गट पाडले होते, तर १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी रात्री डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध देऊन दुसऱ्या दिवशी रक्तातील कॉर्टिसॉल मोजण्याची चाचणी तीव्र नैराश्याच्या एका प्रकारासाठी मांडली होती. परंतु वजन घटणे, मद्यपान किंवा इतर आजारांमुळेही तिचा निकाल बदलतो आणि नैराश्य असलेल्या अनेकांत तो सामान्यच येतो, त्यामुळे ती निदानासाठी रूढ झाली नाही. आजही निदान किमान २ आठवडे टिकलेल्या लक्षणांवरून होते. डॉक्टर थायरॉईडची तपासणी सांगतात ती दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी.

जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के आढळला, पण हा आकडा समूहातील फरकाविषयी आहे, एखाद्या व्यक्तीचे भाकीत नव्हे. कौटुंबिक इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा.

कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.