रूम टोनचे पैसे

माझी शॉर्ट फिल्म ११ मिनिटांची आहे. एक म्हातारा, एक खोली, एक बंद पडलेला रेडिओ. संवाद मोजून ९. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याच्या ज्याच्याकडे पैसे मागितले त्याने गोष्ट ऐकून एकच प्रश्न विचारला, "मग यात पैसे कुठे लागतात?" आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना मलाही हेच वाटलेलं. म्हातारा ओळखीचा, खोली मित्राची आणि रेडिओ तर बंदच हवा होता.

मग बजेट केलं. कॅमेऱ्याचं भाडं लिहिलं, तर कळलं लेन्सचं भाडं वेगळं. म्हणजे चप्पल एका बिलात आणि तिचे पट्टे दुसऱ्या बिलात. मग लाइट, लाइट हलवणारी माणसं, त्या माणसांचं जेवण, खिडकीतून दुपारचं ऊन आत यावं म्हणून खिडकीबाहेर उभा करायचा आणखी एक मोठा लाइट (बाहेर खरं ऊन असतं, पण ते सरकतं, आणि आमचा म्हातारा तीन तास एकाच दुपारी बसलेला दिसायला हवा), हार्ड डिस्क एक नाही किमान दोन, कारण एक उडाली तर, एडिट, कलर, सबटायटल, थिएटरात चालावी म्हणून डीसीपी नावाची डिजिटल कॉपी, आणि हे सगळं झाल्यावर फिल्म फेस्टिवलला पाठवायची फी. बऱ्याच ठिकाणी नकार यायलाही आधी पैसे भरावे लागतात.

कॅमेरावाला, एडिटर, सगळे मैत्रीखातर कमी पैशात तयार झाले. साउंडवाला झाला नाही. "मैत्री वेगळी, बिल वेगळं," म्हणाला. वर ऐकवलं की चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, त्याला स्टाइल म्हणतात, पण आवाज खरखरला की उठून जातात. हे खरं आहे, म्हणून जास्त राग आला.

एक्सेलच्या तळाला आकडा आला तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि परत उघडला. आकडा तोच होता.

अशा वेळी आपल्याकडे दादासाहेब फाळके आठवायची पद्धत आहे. मलाही आठवले. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडी थोडी फिल्म खर्चून त्याचं रोपटं होताना टिपलं आणि ती जेमतेम मिनिटाची पट्टी दाखवून लोकांना पटवलं की हा माणूस सिनेमा काढू शकतो. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीची ही गोष्ट. आज पैसे मागताना जो टीझर लावतात तो हाच, फक्त वाटाण्याजागी आम्ही स्वतः असतो. हे सगळं मी बायकोला फार तल्लीन होऊन सांगत होतो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "सरस्वतीबाईंच्या दागिन्यांपर्यंत येऊ नकोस, तिथेच थांब."

सरस्वतीबाई म्हणजे फाळक्यांच्या पत्नी, सिनेमासाठी त्यांचेच दागिने गेले होते. थांबलो. आणि वर्गणी काढायची ठरवली. वर्गणी म्हटलं की लोक दार लावून घेतात, क्राउडफंडिंग म्हटलं की निदान लिंक तरी उघडतात, बाकी फरक शून्य. आधार द्यायला १९७६ चा 'मंथन' होताच. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा सिनेमा झाला. हे वाचल्यावर माणसाला भागाकार करायची खोड लागते. मीही माझ्या आकड्याला पाच लाखांनी भागून पाहिलं, इतकं किरकोळ उत्तर आलं की मला झोपच लागली. सकाळी फोनमधले कॉन्टॅक्ट मोजले. ८४३ निघाले. त्यातले शंभरेक 'गॅस', 'कुरिअर नवा', 'कुरिअर जुना', 'उचलू नको' आणि 'उचलू नको २' असे होते.

तर उरलेल्यांची मी यादी केली. नाव, आणि समोर हा किती देईल त्याचा अंदाज. ही यादी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं लिखाण आहे, आणि मी कॉलेजात कविता केल्यात. चांगली चांगली माणसं, ज्यांच्या खांद्यावर मी रडलोय, त्यांच्यासमोर आकडे. एका मित्राने नवी गाडी घेतलेली म्हणून त्याचा आकडा मी वाढवला. शाळेतल्या मराठीच्या बाई रिटायर झाल्यात म्हणून त्यांच्यासमोर 'फक्त शेअर' असं लिहिलं. गाडीवाल्याकडून अंगठा आला. आणि बाईंनी पहिल्याच दिवशी पैसे भरले, वर मेसेज, "गोष्ट छान. तिसऱ्या ओळीत 'आणि' दोनदा आलंय."

व्हिडिओचं सांगायचं राहिलं. पेजवर दिग्दर्शकाचा व्हिडिओ हवाच असतो, चेहरा दिसला की विश्वास बसतो म्हणे. अडीच मिनिटांच्या व्हिडिओला दोन दिवस गेले. 'नमस्कार, मी' एवढ्यावरच २७ टेक. एकदा बोलणं छान जमून आलं, डोळ्यात पाणीबिणी आलं, तर मागून बाबा हळूच वाकून, आपण फ्रेममध्ये नाहीच अशा समजुतीने, चष्मा शोधत गेले. शेवटी तोच टेक ठेवला. लोकांनी फिल्मपेक्षा बाबांचीच चौकशी जास्त केली.

आता नियम. क्राउडफंडिंगच्या साइट्सचे दोन प्रकार असतात. काहींवर जमेल तेवढं घेऊन जा, आणि काहींवर, किकस्टार्टर २००९ पासून चालवतं तसं, सगळं किंवा काहीच नाही. म्हणजे मुदतीत आकडा गाठला तर पैसे तुमचे, ९९ टक्क्यांवर अडकलात तर ज्याचे त्याला परत. गाठला तरी त्यातून साधारण पाच टक्के साइटची फी, पेमेंटवाले आणखी थोडं कापणार, म्हणजे मागताना कापणाऱ्यांसाठीही मागायचं. मी दुसरा प्रकार निवडला, कारण कुठल्यातरी लेखात लिहिलेलं की त्याने लोकांना घाई वाटते. लोकांना काही वाटलं नाही. घाई, धडधड, पित्त, सगळं मलाच.

पहिल्या दोन दिवसांत १८ टक्के. मी हवेत. आठवड्यात ३४. आणि मग ३४. आणि मग ३४. जे हे करून बसलेत ते सगळे सांगतात की सुरुवातीला ओळखीचे देतात, शेवटी घाईवाले देतात आणि मधे वाळवंट असतं. माझं वाळवंट १९ दिवसांचं निघालं. या काळात मी पेज किती वेळा रिफ्रेश केलं ते विचारू नका, अंगठ्याने खाली ओढलं की आकडा क्षणभर गायब होतो आणि परत येतो, त्या क्षणभरात माणूस काय काय कबूल करतो.

याच काळात मी घसरलो. नऊ-नऊ वर्षं ज्यांच्याशी बोललो नव्हतो त्यांच्या फोटोंना लाइक द्यायला लागलो. वाढदिवस बघून शुभेच्छा, आणि मधे दोन दिवस सोडून लिंक. दोन दिवस सभ्यपणाचे. एकाने उत्तर दिलं, "वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे रे, पाठव लिंक." एवढ्या अपमानानंतर त्याने पैसेही दिले, त्यामुळे धड वाईटही वाटून घेता येईना.

आणि भाषा शिकलो. 'ऑल द बेस्ट' म्हणजे नाही. 'खूप भारी करतोयस' म्हणजे नाही. 'नक्की करतो, फक्त एक तारीख येऊ दे' म्हणजे अजिबात नाही, आणि यापुढे तो माणूस तुम्हाला बघून रस्ता बदलणार. जे देतात ते बहुतेक काही बोलत नाहीत, एकदम नोटिफिकेशनच येतं. अपवाद मामा.

मामांची हयात ऑडिटमध्ये गेली. त्यांनी पैसे द्यायच्या आधी बजेट मागवलं, प्रिंट काढली, पेन्सिलने टिकमार्क केले आणि फोन केला.

"हे रूम टोन काय आहे?"

मी सांगितलं. सीन संपला की त्याच खोलीत सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं, साउंडवाला त्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते मामा, एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे ती भरावी लागते, नाहीतर एकदम भोक पडल्यासारखं वाटतं.

"म्हणजे कुणी काही करायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही."

"हो."

"आणि त्याचे पैसे."

"वेगळे नाहीत मामा, त्याच्या दिवसाच्या पगारातच—"

"मग वेगळी ओळ का?"

मी ती ओळ काढली. मामांनी त्याच संध्याकाळी पैसे भरले, आणि बक्षिसांपैकी 'एक दिवस सेटवर' हे निवडलं. हे बक्षीस मी ठेवलंय हे मी विसरूनच गेलो होतो.

बक्षिसांचंही एक प्रकरणच. पोस्टर देतो म्हटलं, तर छापणं आणि पोस्टाचा खर्च धरून कमी रकमेवाल्यांच्या प्रत्येक देणगीत माझाच तोटा. स्वस्तात पडणारं बक्षीस एकच, नाव. शेवटच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या पेपरात आवाहन केलं की देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापीन, रक्कम कितीही छोटी असो. काही महिन्यांत लाखाहून जास्त लोकांकडून एक लाख डॉलर जमले. माणूस हुशारच. पण इंग्रजीत वेलांटी नसते, हाही मुद्दा लक्षात घ्यावा.

शेवटच्या दिवशी रात्री नऊला ९७ टक्के. तीन तास आणि तीन टक्के. स्वतःच्या कॅम्पेनमध्ये स्वतः पैसे टाकणं नियमात बसत नाही. बायकोने दोनदा दिलेले, बाबांनी दिलेले, मामांना अजून मागितले तर ते पावत्या मागतील. अकरा वाजता मी 'उचलू नको २'ला फोन लावला. त्याने उचलला नाही. ११:४० ला पेज ओढलं, आकडा गायब झाला, परत आला तो १००. सगळे तीन टक्के एकाच माणसाचे. नावाच्या जागी 'एक हितचिंतक'.

पुढचे दोन महिने मी जगाशी इतका गोड वागलो की घरच्यांना काळजी वाटली. कोण असेल सांगता येत नाही ना. गाडीवाल्याला उगाच मिठी मारली. 'एक तारीख'वाल्याला रस्ता ओलांडून गाठला आणि त्याचा हात हातात घेऊन "तुला माहितीये" असं म्हणालो, तो अजून घाबरून आहे.

शूटिंग तीन दिवस. त्यातला दुसरा दिवस मामांचा. मामा सेटवर अतिशय शहाण्यासारखे वागले, खुर्चीवर बसून होते, फक्त तीन लाइट चालू असताना चौथ्याचं भाडं का भरलं एवढंच विचारलं. संध्याकाळी सीन संपला आणि साउंडवाला ओरडला, "रूम टोन! कुणी हलू नका." आम्ही १४ माणसं पुतळे झालो. म्हातारा रेडिओवर हात ठेवून, मी एका पायावर, मेकअपवाली ब्रश हवेत धरून. पंखा बंद, फ्रिज बंद. मामांकडे पाहिलं तर ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून खरंच ऐकत होते. चाळीसएक सेकंद झाले असतील. मामांचा फोन वाजला. रिंगटोन जोरात, आणि वर व्हायब्रेशनवर तो लाकडी टेबलावर चालत चालत रेडिओपर्यंत गेला. साउंडवाल्याने हेडफोन काढले आणि छताकडे बघितलं. मामा म्हणाले, "आता परत करावं लागेल ना? मग ती ओळ वेगळीच ठेवायला हवी होतीस."

फिल्म झाली. तयार होता होता सगळ्या देणाऱ्यांना आधी बघायला लिंक पाठवली. नावं २१४, आणि फिल्म लांबू नये म्हणून ती आम्ही जरा भरभरच पळवलेली. ऑस्करच्या नियमात शॉर्ट फिल्म म्हणजे श्रेयनामावली धरून ४० मिनिटांच्या आत, तिथे आपल्याला धोका नव्हता, पण फेस्टिवलवाल्यांना जितकी छोटी तितकी बरी. तर एवढ्या वेगाने जाणाऱ्या नावांतही सगळ्यांना स्वतःचं नाव दिसतं. माझ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यातलं पाणी कुणाला दिसलं नाही, त्यासाठी आम्ही अर्धा दिवस घालवलेला. मामांचा स्क्रीनशॉट आला, त्यांच्या नावावर लाल गोल. 'दुसरी वेलांटी पहिली झाली आहे. कृपया दुरुस्ती करावी.' मागोमाग आणखी सहा गोल आले. बाईंचा एकटीचा मेसेज होता की रेडिओ शेवटी लागत नाही तेच बरं केलंस. नंतर दुसरा मेसेज, 'विशेष आभार'मधला ष पोटफोड्याच आहे ना बघ, घाईत नीट दिसला नाही.

सगळं दुरुस्त करून फायनल मिक्सला बसलो. मी आणि साउंडवाला, अंधारी खोली, मोठा पडदा. फिल्म संपली, रूम टोन हळूहळू विरत गेला, त्याने तो काय सुंदर ओढलाय, नावं वर सरकायला लागली. मी म्हटलं, चला, सुटलो. त्याने स्पेसबार दाबला. पडदा थांबला. हेडफोन एका कानावरून बाजूला करून तो पडद्याकडे बघत म्हणाला,

"हितचिंतकमधला हि ऱ्हस्व असतो ना? तू दीर्घ टाकलायस."

मी बघतच राहिलो. "तू?"

"कॅम्पेन पडलं असतं तर माझं बिल कोण देणार होतं?"

मी मिठी मारायला उठलो तर म्हणाला, आधी ती वेलांटी नीट कर, डीसीपी एकदा निघाली की निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं बिल आलं. पूर्ण. खाली वेगळी ओळ होती : रूम टोन, दोनदा.