इंगरसॉल मरताना किंचाळला नव्हता

"जगप्रसिद्ध नास्तिकाचा भयानक शेवट" या मथळ्याचा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून येतो आणि मी तो न वाचता पुढे जाते. या वेळी तो ग्रुपवर न टाकता थेट माझ्या काकांना पाठवला गेला. काका परळला राहतात, पोर्ट ट्रस्टमधून रिटायर झालेत, ऐंशी उलटलीय. मागच्या महिन्यात हृदयाच्या दुखण्याने आयसीयूत होते. आयुष्यभर त्यांनी देव मानला नाही आणि घरात कुणाला पूजेपासून अडवलंही नाही. काकूचं देवघर दर दिवाळीला तेच रंगवायचे. मेसेजखाली नात्यातल्याच एकाने लिहिलं होतं: "काका, एवढा मोठा माणूस शेवटी शरण गेला. अजून वेळ गेलेली नाही."

आयसीयूतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला हे लिहायचं? म्हणून हे उत्तर, आणि ते सगळ्यांसाठी.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वक्ता रॉबर्ट इंगरसॉल पाद्र्याचा मुलगा असून धर्माचा द्वेष्टा झाला. पैशासाठी देवाला शिव्या देत गावोगाव फिरला. भर सभेत घड्याळ काढून "देव असेल तर त्याने मला पाच मिनिटांत मारून दाखवावं" असं आव्हान दिलं. शिक्षा म्हणून त्याचा एकुलता एक मुलगा वेडा होऊन मेला. त्याने एका मित्राला येशूविरुद्ध पुस्तक लिहायला बसवलं, तर तो मित्रच भक्त झाला. शेवटी मृत्युशय्येवर किंचाळत त्याने पाद्री बोलावला, "देवा, तू असशील तर माझा आत्मा, तो असेल तर, वाचव" असं म्हणाला आणि आपली सगळी पुस्तकं जाळायला सांगून मेला. सोबत पांढऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो. तो फोटो चार्ल्स डार्विनचा आहे. इंगरसॉलचे फोटो गुळगुळीत दाढी केलेल्या, जाडजूड, टक्कल पडलेल्या माणसाचे आहेत.

मुलाचा मुद्दा आधी घेते, कारण त्याचं उत्तर इंगरसॉलनेच देऊन ठेवलंय. कादंबऱ्या वाचून त्याचा मुलगा वेडा झाला आणि वेड्यांच्या इस्पितळात मेला, ही कंडी तो जिवंत असतानाच पिकली होती. त्याने क्रमाने उत्तर दिलं: माझ्या एकुलत्या मुलाला कादंबऱ्यांचा नाद नव्हता, तो वेडा झाला नाही, त्याला इस्पितळात ठेवलं नाही, तो मेला नाही, आणि मला मुलगा कधी झालाच नाही. त्याला दोन मुली होत्या, ईव्हा आणि मॉड. सव्वाशे वर्षांपूर्वी खोडलेली गोष्ट आज आमच्या घरात "देवाने दिलेली शिक्षा" म्हणून येते. जन्मालाच न आलेल्या मुलाच्या मरणाने एका आजारी माणसाला घाबरवायचं, हे मला सहन होत नाही.

घड्याळाच्या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. हीच गोष्ट इंग्लंडचे नास्तिक नेते चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या नावावरही चालायची. हे तेच ब्रॅडलॉ, जे १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते. तेही ती नाकारून थकले. कुणीही बंडखोर वक्ता उभा राहिला की त्याच्या हातात हे घड्याळ दिलं जायचं.

वडील धर्मोपदेशक होते, हे मात्र खरं. पण वडिलांवरच्या रागातून हा धर्मावर उलटला, हे खोटं. वडिलांबद्दल तो प्रेमानेच बोलतो. कुठे बिनसलं ते त्याने १८९६ च्या "मी अज्ञेयवादी का आहे" (अज्ञेयवादी म्हणजे देव आहे की नाही ते ठाऊक नाही असं मानणारा) या व्याख्यानात सांगितलंय. लहानपणी एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्याने बायबलमधल्या श्रीमंत माणूस आणि गरीब लाझरस यांच्या कथेवरचं प्रवचन ऐकलं. श्रीमंत नरकात जळतोय, जिभेवर पाण्याचा एक थेंब मागतोय, आणि तो त्याला कधीच मिळणार नाही. उपदेशकाने ते इतकं रंगवून सांगितलं की कायमची यातना म्हणजे काय ते त्या मुलाला पहिल्यांदा कळलं. हे खोटं आहे, असं त्याच्या मनाने तिथेच घेतलं. आणि खरं असेल तर असला देव मला नको. पुढे वकील झाला, यादवी युद्धात घोडदळाचा कर्नल म्हणून शायलोच्या लढाईत लढला, १८६७ ते १८६९ इलिनॉय राज्याचा अॅटर्नी जनरल होता, आणि त्यानंतर तीसेक वर्षं व्याख्यानं देत फिरला. या सगळ्या काळात नरकाच्या भीतीविरुद्ध बोलणं त्याने सोडलं नाही. मरणाऱ्याला, विधवेला, लहान मुलाला घाबरवून धर्माकडे ओढू नका, हे तो गावोगाव सांगत राहिला. आणि त्याच्याच नावाने आज माझ्या काकांना घाबरवलं जातंय.

आता मृत्युशय्या. मेसेजचा सगळा जोर इथेच आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

इंगरसॉल २१ जुलै १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठच्या डॉब्ज फेरी गावी, जावयाच्या घरी गेला. काही वर्षं हृदयाचा त्रास होताच. दुपारची वेळ होती आणि बायको जवळ होती. तिने विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, बरं वाटतंय. एवढ्यावर संपलं. पाद्री आला नव्हता, कुणी बोलावला नव्हता, आणि बोलवायला वेळही नव्हता. पुढे अफवा थांबेनात तेव्हा घरच्या, प्रत्यक्ष हजर असलेल्या बायकांनी शपथेवर लिहून दिलं की त्याने कोणतंही मत बदललं नाही. नवरा गेल्यावर असल्या अफवा ऐकाव्या लागल्या, तर त्या बाईला किती यातना झाल्या असतील!

अंत्यविधीला प्रार्थना झाली नाही. त्याच्याच लेखनातले उतारे वाचले गेले आणि मग दहन झालं. त्या काळच्या अमेरिकेत दहन विरळा होतं आणि चर्चला ते पसंत नव्हतं. शरण गेलेल्या माणसाला असा निरोप देतात का? शिवाय मृत्यूच्या सात आठवडे आधी, २ जून १८९९ ला, त्याने बॉस्टनमध्ये शेवटचं मोठं भाषण केलं. विषय होता "धर्म म्हणजे काय". ते छापलेलं आहे. त्यात माघारीचा एक शब्द नाही. उलट, आई व्हायचं की नाही हे बाईच्या हाती असलं पाहिजे आणि विज्ञानाने तिला तो ताबा मिळवून द्यावा, असं तो त्यात म्हणतो. आपल्याकडे याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केलं आणि हेच सांगण्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं हे भाषण आहे.

पुस्तकं जाळायला सांगितली म्हणे. तो गेल्यानंतर लगेच, १९०० पासून, त्याच्या साडूने त्याची भाषणं, लेख आणि मुलाखती बारा खंडांत छापल्या. घरच्यांनी जाळायच्या आदेशाचं असं पालन केलं?

"देवा, तू असशील तर" ही प्रार्थना तर त्याच्या जन्माआधीची. ब्लेनहाइमच्या लढाईपूर्वी एका साध्या शिपायाने केलेली प्रार्थना म्हणून हा किस्सा १८१८ साली छापलेल्या एका इंग्रजी आठवणींच्या पुस्तकात आहे. इंगरसॉल १८३३ चा.

पण सगळ्यात बोलका पुरावा वेगळाच आहे. थॉमस पेन या लेखकाबद्दल हीच गोष्ट सांगितली जायची. ज्याचं "राइट्स ऑफ मॅन" वाचून जोतीराव फुले भारावले, तोच हा पेन. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये तो पश्चात्तापाने तळमळत, येशूला हाका मारत मेला, असं चर्चच्या पत्रिका छापायच्या. १८७७ साली इंगरसॉलने जाहीर केलं: हे कुणी सिद्ध करावं, मी एक हजार डॉलर सोन्यात देतो. "न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर" या धार्मिक साप्ताहिकाने आव्हान उचललं. मग इंगरसॉलने वकिलासारखी साक्ष तपासली. पेनच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याकडे कोण जात होतं, कोण काय म्हणालं, कुणी कुणाकडून ऐकलं. पश्चात्तापाची गोष्ट फिरून फिरून मेरी नावाच्या एका मोलकरणीपाशी यायची. विल्यम कॉबेट हा इंग्रज पत्रकार त्याआधीच तिच्यापर्यंत पोचला होता, तेव्हा तिने फार दिवस झाले, नीट आठवत नाही, असं म्हणून अंग काढून घेतलं होतं. इंगरसॉलने हे सगळं मांडलं. शेवटी त्या साप्ताहिकाने लिहिलं की पेनने आपली मतं सोडली असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. ते उत्तर बारा खंडांत आहे. दोन दिवस बसून मी ते वाचलं, आणि या मेसेजबद्दल जे म्हणायचं ते सगळं त्यात आधीच म्हटलेलं आहे. ज्याने दुसऱ्या एका मेलेल्या माणसाची या आरोपातून सुटका केली, त्याच्यावर मेल्यावर तोच आरोप आला. फोटोतल्या डार्विनचंही तेच. तो १८८२ साली गेला, आणि १९१५ साली अमेरिकेत छापून आलं की लेडी होप नावाच्या बाईसमोर त्याने पश्चात्ताप केला. त्याच्या मुलीला जाहीर लिहावं लागलं की शेवटी मी तिथे होते, ही बाई नव्हती.

आणि समजा किंचाळला असता? तरी काय सिद्ध होतं? वेदनेत माणूस "आई गं" म्हणतो, म्हणून आई खोलीत असते असं नाही. काकांनी आयसीयूत रात्री काय काय हाका मारल्या ते मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलंय. त्यात देव नव्हता, काकू होती, आणि काकूला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यावरून कुणी सिद्धांत काढू नये.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते, मनात नसताना. मेसेजच्या एका लांब आवृत्तीत म्हटलंय की भावाच्या अंत्ययात्रेत इंगरसॉल परलोकाबद्दल बोलला. बोलला. १८७९ साली वॉशिंग्टनमध्ये, भाऊ ईबनच्या शवपेटीशेजारी उभं राहून त्याने लिहून आणलेलं भाषण वाचलं आणि वाचता वाचता रडला. त्यात तो म्हणतो की मृत्यूच्या रात्री आशेला तारा दिसतो, आणि कान देऊन असलेल्या प्रेमाला पंखांची सळसळ ऐकू येते. काकांकडे फोर्टातल्या फूटपाथवर घेतलेला एक सुटा खंड आहे, बांधणी सुटलेला, मार्जिनमध्ये पेन्सिलीच्या खुणा. मेसेज वाचून झाल्यावर त्यांनी मला तो काढायला लावला आणि हेच भाषण मोठ्याने वाचून घेतलं. त्यावर त्यांचीही खूण होती. मरणानंतर काहीच नाही, असं इंगरसॉल ठासून कधी म्हणाला नाही. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आशा करायला हरकत नाही, एवढंच तो म्हणत आला. भाऊ गेलेल्या माणसाने आशा बोलून दाखवली तर ती शरणागती होत नाही. पण हे भाषण वगळून त्याला कोरडा, बिनकाळजाचा दाखवणारे आमच्या बाजूचे लोकही चुकतात. तेवढा मुद्दा मेसेजवाल्यांना दिला.

पैशाचं उत्तर एका ओळीत. व्याख्यानांना तिकीट असायचं आणि तो श्रीमंत झाला, हे खरं. पण १८६८ साली इलिनॉयच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी हुकली, त्याचं एक मोठं कारण त्याची धर्माबद्दलची उघड मतं हे होतं, आणि तरीही त्याने तोंड बंद केलं नाही.

राहिला तो भक्त झालेला मित्र. हा ल्यू वॉलेस, येशूच्या काळात घडणाऱ्या "बेन-हर" कादंबरीचा लेखक. १८७६ साली इंडियानापोलिसला जाणाऱ्या रेल्वेत दोघांची भेट झाली, इंगरसॉल देवाधर्मावर बोलत राहिला आणि वॉलेस ऐकत राहिला, इतकं खरं आहे. पण येशूविरुद्ध पुस्तक लिहायचा कट कुठेच नव्हता. वॉलेसने स्वतः लिहून ठेवलंय की आपल्याला या विषयाचं काहीच ठाऊक नाही याची त्या गप्पांनंतर लाज वाटली, आणि अभ्यास करायचं ठरवलं. कादंबरीच्या सुरुवातीची, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी माणसांची कथा तर त्याने भेटीच्या आधीच लिहिली होती. कादंबरी १८८० साली आली. अभ्यासातून त्याची श्रद्धा बसली, हेही तो सांगतो, ते नाकारायचं कारण नाही. फक्त, आपण कुठल्याच चर्चचे सभासद नाही आणि कधी नव्हतो, असंही त्याने आत्मचरित्रात लिहिलंय.