बुलेटचा टायर आणि फुकटचा सल्ला

साताऱ्यात पोवई नाक्यावर जुनी बुलेट उभी करून 'टायर बदलायचेत' म्हणायची खोटी, सल्लागार समिती जमते. "दादा, मागं जाडजूड टायर टाका, गाडी भरल्यासारखी दिसती." "पुढचा कशाला नवा? मागचा पुढं घ्या, मागं एकच नवा टाका." तिसरे एक काका वाकून टायरवर अंगठा दाबतात आणि "अजून एक पावसाळा निघंल" असं सांगून मोकळे होतात. काकांचा निघतोच, कारण काका एसटीनं जातात.

मालकही कमी नसतो. टाकीवर सोनेरी रेघा मारायला खास पेंटर, मडगार्डला क्रोम, सगळं हौसेनं. जमिनीला टेकणाऱ्या तळहाताएवढ्या रबराची वेळ आली की मात्र दोनशे रुपयांवरून घासाघीस.

दुकानात नक्षी नंतर बघायची, आधी टायरची बाजू वाचायची. जुन्या स्टँडर्ड बुलेटला पुढं-मागं दोन्हीकडं सव्वातीन-एकोणीस, म्हणजे 3.25-19. रुंदी सव्वातीन इंच, रिमचा व्यास 19 इंच. माप एकच, म्हणून तर 'मागचा पुढं' ही अक्कल सुचते. पण मागचा टायर मधोमध झिजून सपाट झालेला असतो. तो पुढं घातला की गाडी वळायला आधी कुरकुरते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. पुढं उभ्या धारांचा रिब टायरच हवा, तो दिशा धरतो. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. काही टायरवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा, असे दोन असतात, कारण पुढं मुख्य ताण ब्रेकचा आणि मागं इंजिनाच्या ओढीचा. बसवणारा पोरगा कानाला फोन लावून काम करत असेल, तर बाण आपणच बघायचा.

आता जाडजूडचं. हल्लीची मापं मिलिमीटरमध्ये येतात. 90/90-19 म्हणजे रुंदी 90 मिमी आणि उंची तिच्या 90 टक्के, म्हणजे 81. सव्वातीन इंच म्हणजे साडेब्याऐंशी मिमी, आणि जुन्या मापात उंची साधारण रुंदीइतकीच धरतात. उंची जुळली, तेव्हा एवढा बदल चालून जातो. पण हौस 90 वर थांबत नाही, ती 110 कडे बघते. जुनी रिम 1.85 इंच रुंदीची, डब्ल्यूएम2 म्हणतात ती. तिच्यात 110 कोंबला की कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि रस्ता धरून चालणारा पट्टा रुंद व्हायच्या ऐवजी अरुंद होतो. शिवाय चेनकव्हरला घासतो ते वेगळंच. दिसतो मात्र भरल्यासारखा.

मापापुढं '54पी' असं काहीतरी असतं. 54 म्हणजे त्या टायरवर 212 किलोपर्यंत भार चालतो. मागं वहिनी, मांडीवर पोरगं आणि वर तांदळाचं पोतं नेणाऱ्यांनी हा आकडा सोडू नये. 'पी' म्हणजे ताशी 150 किलोमीटर. आपल्या बुलेटला 150 गाठायचे तर यवतेश्वरच्या कड्यावरूनच खाली टाकावी लागेल, त्यामुळं त्या अक्षराची काळजी नको.

काळजी तारखेची. लंबगोलात चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला. जुन्या गाडीची मापं खपत नाहीत, म्हणून माल माळ्यावर वर्षानुवर्षं पडतो. विचारलं तर दुकानदार रबराचे बारीक केस दाखवतो. "अजून केस हायत बघा, एकदम नवा!" केस साच्यातून येतात, वयाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. न वापरतासुद्धा रबर कडक होतं. खाचांच्या तळाशी नखानं उघडून बघा, बारीक तडे दिसले तर फुकटही घेऊ नका. माझी मर्यादा दोन वर्षांची, त्याहून जुना टायर परत माळ्यावर.

तारांच्या चाकातून हवा निसटते, म्हणून ट्यूब हवीच, आणि तीही नवीन. जुनी ट्यूब ताणलेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवरच ती घासून फुटते. आत रिमचा गंज काढून नवी रबरी पट्टी घालायची, नाहीतर तारांची टोकं ट्यूबमध्ये घुसतात. ट्यूबला टाल्क पावडर चोळून थोडी हवा भरून आत सरकवायची. शेवटची कड व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला घेऊन व्हॉल्व्हपाशी संपवायची. समोरची कड रिमच्या खोलगट भागात बसली की इकडची कड ढिली पडते, टायर चढवायच्या लोखंडी पट्टीवर जोर लागत नाही आणि ट्यूब चिमटत नाही. हवा भरली की टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारखी दिसायला हवी. मग हवा पूर्ण सोडून पुन्हा भरायची, ट्यूबच्या सुरकुत्या जातात. व्हॉल्व्हची चकती रिमला आवळू नका, टोपीला टेकवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो. आवळलेला असेल तर सरळ उपटतो.

पहिले शे-दीडशे किलोमीटर नवा टायर घसरतो, कासच्या वळणांवर जपून. वॉशिंग सेंटरवाला कौतुकानं टायरला काळं पॉलिश मारायला येईल. त्याला तिथंच हात जोडा, जमिनीला टेकणाऱ्या रबराला तो तेलच लावत असतो.