पॉइंटांचं कार्ड नको म्हटलं ना!

परत तेच! डाळ-तांदळाची ट्रॉली ढकलत बिलाच्या रांगेत उभी राहिले की टेबल मांडून बसलेला मुलगा पुढे येतोच. "ताई, आमच्या दुकानाचं क्रेडिट कार्ड घ्या, पॉइंट मिळतात." किती, ते तीनदा विचारल्यावर सांगतो. शंभर रुपयांना 1 पॉइंट, पॉइंटची किंमत 25 पैसे. माझा किराणा महिन्याला 4,000चा, म्हणजे वर्षाला सुटणार 120 रुपये. आणि वार्षिक फी 499, वर 18 टक्के जीएसटी, झाले 589! पॉइंटही त्याच दुकानात, तेही मुदतीत वापरायचे. बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, हे तर तो बोलतच नाही.

त्या पोराचा राग नाही, त्याला टार्गेट असतं. संताप येतो तो "फक्त नंबर द्या" म्हणत ओटीपी काढून घेण्याचा. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलंय. तरी शेजारच्या आजींनी सवलतीसाठी म्हणून ओटीपी सांगितला आणि कार्ड घरी! ते बंद करायला तीन दिवस आम्ही दोघी फोन धरून बसलोय.