‘हाड्’ म्हणायलाही तोल लागतो

सायकलमागे कुत्रं लागलं तर काय करायचं, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. चार पेडल जीव खाऊन मारायची, वेग आला की दोन्ही पाय उचलून हँडलला लावायचे आणि गल्ली पार होईपर्यंत रामरक्षा म्हणायची. एकचाकी सायकलवर यातली फक्त रामरक्षा उरते. हँडल नसतंच. पाय उचलावेत तर क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, थेट चाकाच्या आसाला जोडलेले; मधे ना साखळी, ना फ्रीव्हील. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. पाय थांबले की चाक थांबणार. आणि चाक एकदम थांबलं की तुम्ही मात्र थांबत नाही, पुढे जाता. कुत्रं बहुधा तिथेच उभं असतं.

पळून जाण्याचा हिशेब करून बघा. वीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण १.६ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारले, म्हणजे चांगलीच दमछाक केली, तर ताशी साडेआठ किलोमीटर. २९ इंचीवर साडेबारा, ३६ इंचीवर साडेपंधरा. गल्लीतलं साधं गावठी कुत्रं मनात आणलं तर ताशी तीसने धावतं, तेही नुकतंच झोपेतून उठून. तेव्हा वीस इंचीवरून पळ काढणं हा मला त्या कुत्र्याचा उपमर्द वाटतो.

त्याला राग नेमका कशाचा येतो, हेही समजून घ्यायला हवं. स्कूटर, रिक्षा, दूधवाल्याची सायकल या सगळ्यांशी त्याचा परिचय असतो. पण माणसापेक्षा उंच, खाली एकच चाक आणि तोल सावरायला दोन्ही हात हवेत पसरलेले, हा प्राणी त्याच्या यादीत नाही. त्यातून हात वर गेलेला माणूस म्हणजे दगड भिरकावणारा माणूस, हे त्याचं शिक्षण पिलू असतानाच पूर्ण झालेलं असतं. आधी ते मान वाकडी करून बघतं, मग भुंकतं, आणि तुम्ही पुढे निघालात की मागून येतं. तुम्ही वळून बघू शकत नाही. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे कंबर, कंबरेमागे चाक, आणि स्वारी आपण होऊन कुत्र्याच्या दारात.

वाकून दगड उचलल्याचं नाटक हे आपलं राष्ट्रीय अस्त्र. दगड नसला तरी चालतं, वाकणं पुरतं. एकचाकीवर वाकलात तर नाटकाचा प्रयोग जमिनीवर संपतो. ‘हाड्!’ हा शब्द पोटातून यावा लागतो, आणि पोटाचे सगळे स्नायू तेव्हा तोल सांभाळण्यात गुंतलेले असतात. निघतो तो बारीक, थरथरता ‘हा...ड’. तो ऐकून पलीकडच्या गल्लीतलीही येतात. काही अनुभवी मंडळी जागच्या जागी अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे अशी झुलत थांबतात. सर्कशीत टाळ्या मिळतील. इथे मात्र कुत्र्याच्या नाकासमोर एक बूट पुढेमागे हलवत ठेवण्याचा तो प्रकार आहे.

माझ्या मते उपाय एकच, उतरणं. अडचण अशी की ज्याने महिनाभर भिंत धरधरून चढायला शिकलंय, त्याला उतरणं म्हणजे हार वाटते. हा मानापमान घरी ठेवा. टोळी दिसली की दहा-बारा मीटर आधीच वेग कमी करा. एका हाताने सीटचं पुढचं टोक धरा. एक पेडल पूर्ण खाली आलं की त्यावर भार द्या आणि वरच्या पेडलवरचा पाय मागे जमिनीवर टेका, मग दुसरा. उतरायचं मागेच. पुढे उडी मारलीत तर सायकल पाठीमागे डांबरावर खणखणाट करत पडते, कुत्री चेकाळतात आणि तुमच्या नि त्यांच्या मधे काहीच उरत नाही. मागे उतरलात तर चाक आपोआप मधे येतं. आता सीट हातात, चाक जमिनीवर, आणि कुत्रं ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला चाक. गरगर फिरवू मात्र नका. पाच-सहा किलोचा ऐवज आहे, आणि पेडलच्या खिळ्यांना सर्वांत जवळची नडगी तुमचीच असते. डोळ्याला डोळा न भिडवता, थोडं तिरकं उभं राहून, पाठ न दाखवता हळूहळू सरका. ‘हाड्’ आता म्हणा, खर्जात.

नडगीवरून आठवलं, फुटबॉलचे पॅड पुढूनच झाकतात. कुत्र्याला हे माहीत असावं, कारण ते पोटरीला धरतं. मागूनही वेढणारे पॅड घ्या.

रोजचा रस्ता असेल तर पहिले चार-पाच दिवस सायकल हातात धरून तिथून चाला आणि उभं चाक त्यांना हुंगू द्या. बिस्किटांबद्दल माझं मत चांगलं नाही. आज एकाला दिलंत की उद्या सहा जण चाकापुढे आडवे. भाद्रपदात सरळ दुसरा रस्ता धरा. तेव्हा टोळ्या कुणाचंच ऐकत नाहीत. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पिलं होतात, म्हणजे पार्क केलेल्या गाडीखाली एक आई बसलेली असते, आणि ती भुंकून वेळ घालवत नाही. कानाचा तुकडा काढलेला दिसला तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्याला सहसा परत त्याच जागी सोडतात. बाकी चालत्या एकचाकीवरून कान तपासण्याचा मोह टाळावा.

पट्टा ढिला सोडून ‘काही करत नाही हो तो’ म्हणणाऱ्या मालकांवर वेगळा लेख लागेल. हे वाक्य नेहमी त्याने काहीतरी केल्यावरच येतं.

आणि चावलंच, तर थट्टा बंद. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कातडीत देतात ती रेबीजची लस ० (म्हणजे पहिला), ३, ७ आणि २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं. पोटात चौदा इंजेक्शनं ही आता फक्त आजोबांची गोष्ट. केसपेपर लिहिणारे ‘कुत्रं चावलं तेव्हा कशावर होतात?’ असं विचारतील. खरं सांगा. ते मान वर करून एकदा बघतील, मग ‘सायकल’ लिहितील.

संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही आपली परंपरा. आपल्या वाट्याला त्याची उलटी बाजू आलीय, एवढंच. उतरून चालू लागलात की बहुतेक टोळ्यांचा उत्साह मावळतो. दोन पायांचा, हातात काहीतरी धरून चालणारा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. एक-दोन जण हद्दीपर्यंत पोचवायला येतात आणि विजेच्या खांबापाशी थांबून तंगडी वर करतात. तिथे लगेच चढायचं नाही. खांब त्यांचा आहे, पण पुढच्या ओट्यावर बसलेली तिघं दुसऱ्या टोळीतली आहेत, आणि तुम्ही सीट पायांमधे धरलेली त्यांनी पाहिलीय.